दर दोन तासांनी

तक्त्यावर संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या, आणि भिंतीवरच्या घड्याळात अजून दोन वाजायला दहा मिनिटं होती.

तपासनीस बाईंनी तो तक्ता पलंगाच्या दांडीवरून काढून हातात घेतला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. वळवलं की तक्त्यावर सही करायची. दोनची सही होती, चारची होती, सहाचीही होती. सगळ्या एकाच पेनानं, एका दमात ठोकलेल्या.

म्हाताऱ्यांची अशी शुश्रूषागृहं तपासण्यात बाईंची अठरा वर्षं गेली होती. आज त्या न कळवता आल्या होत्या, तरी इथं पाणी मुरतंय हे त्यांना दारातच जाणवलं होतं. पलंगांवरच्या चादरींच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. सात खोल्या झाल्या, सातही खोल्यांतून पढवल्यासारखं एकच उत्तर मिळालं. सगळं छान आहे, काही तक्रार नाही.

ही आठवी खोली. खिडकीपाशी एक शिंपी पडून होता. लकव्यानं त्याचं अर्धं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. दुसऱ्या पलंगावर बसलेल्या उंच, हाडकुळ्या म्हाताऱ्याला इथं सगळे ड्रायव्हर म्हणत. उभा जन्म त्यानं बस चालवली होती.

बाईंनी व्यवस्थापकाला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मावशी वेळेवर येतात का, असं त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, घड्याळ लावून येतात. बारा वाजता कोण आलं होतं? तो घुटमळला. मग म्हणाला, त्या नेहमीच्याच.

“यांची पाठ बघायची आहे मला.”

“नुकताच डोळा लागलाय त्याचा,” ड्रायव्हर म्हणाला.

शिंपी टक्क जागा होता.

जखम लपवायची असली की कुणीतरी असं आडवं येतं, हे बाईंना नवं नव्हतं. पण आजवर आडवी आली ती नोकरमाणसं. इथलाच एक म्हातारा आडवा यावा, म्हणजे त्याला कशाची तरी धास्ती घातलेली असणार. मनातल्या मनात त्यांचा अहवाल लिहून झाला होता. त्यांनी हातमोजे चढवले, ड्रायव्हरला बाजूला केलं आणि शिंप्याचा सदरा वर केला.

पाठ कोरडी, स्वच्छ, नितळ होती. माकडहाडाशी साधी लालीसुद्धा नव्हती. टाचा गादीला लागू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली टॉवेलची घडी, गुडघ्यांच्या मध्ये उशी. कानामागेही मळ नव्हता.

बाईंचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. साठ म्हातारी माणसं आणि पाळीला दोन मावश्या. इतकं कुणाच्या हातून होणार नाही.

दोन वाजले. ड्रायव्हरची चुळबुळ सुरू झाली. त्यानं घड्याळाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, दाराकडे बघितलं. शिंप्याचे डोळे त्याच्यावर खिळले होते.

“जरा सरका, बाई,” तो शेवटी म्हणाला.

त्यानं एक हात शिंप्याच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि जराही हिसका न देता त्याला दुसऱ्या कुशीवर वळवलं. पाठीशी उशी लावली. चादरीची चुणी तळव्यानं तीनतीनदा सपाट केली. मग धापा टाकत तो पलंगाची दांडी धरून उभा राहिला.

किती दिवस हे चाललंय, असं बाईंनी विचारलं. दोन वर्षं होत आली, तो म्हणाला. एका मावशीनं कसं करायचं ते दाखवलं होतं. हा करतोय म्हटल्यावर ती यायची थांबली. आता कुणीतरी सकाळी येऊन सह्या तेवढ्या करून जातं.

“आणि रात्री?”

“रात्रीही. तशीही झोप कुठे लागते?”

बाईंनी पेन उघडलं. ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या जिवावर ही जागा चालली होती, आणि हे लिहायलाच हवं होतं. ड्रायव्हरनं कागदावर हात ठेवला.

“मावशी करतात असं लिहा.”

“खोटं लिहू, काका?”

“बाकीच्यांनाही मीच सांगून ठेवलंय. कुणीही तपासायला आलं की छान आहे म्हणायचं.” तो पलंगावर बसला. “तुम्ही ओळखलं नाहीत मला. नदीपलीकडच्या जागेतही तुम्हीच आला होतात. बायको होती माझ्याबरोबर. तुम्ही विचारलंत, मी सगळं खरं सांगितलं. महिन्याभरात ती जागा बंद केलीत. वाईटच होती, बंद झाली ते बरंच झालं. मला इथं पाठवलं. तिला दुसऱ्या गावी.”

त्यानं बसल्या जागीच चादरीची एक चुणी तळव्यानं सपाट केली.

“ती गेल्याचं मला नवव्या दिवशी कळलं.”

ती जागा बाईंना पक्की आठवत होती. तिथल्या जखमा आठवत होत्या, बंदीच्या हुकमावरची स्वतःची सही आठवत होती. ह्या माणसाचा चेहरा काही केल्या आठवेना.

त्या बाहेर आल्या तेव्हा व्यवस्थापक तिथंच उभा होता. सगळं ठीक ना, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, शिंप्याची पाठ फार चांगली ठेवली आहे. कोण बघतं त्याचं?

व्यवस्थापकाचा चेहरा खुलला. त्यानं झटकन एका मावशीचं नाव सांगितलं, मग आठवून म्हणाला, नाही, ती तर गेल्या महिन्यात सोडून गेली. त्यानं दुसरीचं नाव घेतलं. ती तर खालच्या मजल्यावर असते, असं स्वतःच म्हणाला. मग तिसरीचं. मग चौथीचं.

बाई कोरा अहवाल हातात धरून ऐकत राहिल्या. त्यांनी त्याला थांबवलं नाही.