रेडा पडायच्या आत

"तांदूळ पुन्हा महागला, गुरुजी," म्हणत तोडिंग चटईवर टेकला आणि त्यानं मोबाइल उघडला.

पालिंबोंग गुरुजींनी ऐकून घेतलं. आजारी पडल्यापासून त्यांचं बोलणं बंद होतं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवताना ज्यांचं तोंड कधी मिटलं नाही, ते आता दक्षिणेकडच्या खोलीत पडून जगाचं निमूट ऐकत होते. तोडिंग पोस्टातून निवृत्त झालेला, त्यांचा जुना मित्र. रोज सकाळी येऊन बातम्या वाचायचा आणि मधेमधे स्वतःची अक्कल पाजळायचा.

आज राजधानी हलवण्याची बातमी होती. जुनं शहर बुडतंय, म्हणून जंगल तोडून नवं वसवायचं. गुरुजींना वाटलं, हे म्हणजे आपलं घर गळतं म्हणून शेजाऱ्याचं छप्पर ओढून आणण्यासारखं झालं. पूर्वी त्यांनी हे वर्गात फळा दणाणून सांगितलं असतं. पुढची बातमी खाणींची निघाली. तोडिंग अडखळला आणि घाईघाईनं फुटबॉलकडे वळला.

खाणीचा विषय या घरात काढायचा नाही, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

रिब्का गुरुजींची धाकटी. तिला शिकवून त्यांनी आपल्याच शाळेत चिकटवली. ती नोकरी सोडून पापुआच्या खाणीत घराएवढाले ट्रक चालवायला निघाली. ज्या डोंगरांची नावं मुलांकडून घोकून घेतली, ते खणायला आपलीच पोर जाणार म्हटल्यावर गुरुजींचं डोकं फिरलं. जिन्यावर उभं राहून, सगळ्या गावादेखत ते म्हणाले, "मी जिवंत आहे तोवर या घराची पायरी चढायची नाही."

ती एवढंच म्हणाली, "बरं."

हट्टात बापाच्या वरताण. नाताळला गावी यायची, अंगणात आईला भेटायची आणि आल्या पावली परत जायची. गुरुजी वरच्या खिडकीतून बघत बसायचे. शब्द मागे घ्यावा असं त्यांना कितीदा तरी वाटलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दुखणं आलं आणि वाचा गेली. तेवढी एक सल उरली होती.

दामारीस कॉफी घेऊन आली. कप नवऱ्याच्या उशाशी ठेवला, त्यांची चादर सारखी केली आणि उन्हाबद्दल, कोंबड्यांबद्दल, चर्चमधल्या भांडणाबद्दल सांगत बसली. कॉफी निवली तसा तिनं कप उचलला.

"आज इच्छा नाही वाटतं," ती तोडिंगला म्हणाली.

गुरुजी आजारी पडल्यापासून तिनंही भाताला हात लावला नव्हता. मक्यावर दिवस काढत होती. गुरुजींना मात्र त्रास असा नव्हता. सुरुवातीलाच तालुक्याहून एक जण येऊन औषध टोचून गेला, त्यानंतर दुखलं म्हणून नाही.

बाहेर बांबूचे मांडव उभे राहत होते. थोरला मार्तेन आईवर वैतागला होता. कार्य गेल्या साली पुढे ढकललं, त्याच्या आधीही ढकललं, आता सोयरे हसायला लागले, असं त्याचं म्हणणं. दामारीसचं एकच पालुपद होतं, रिब्का वर आल्याशिवाय रेडा कापायचा नाही.

"तिला मी फोन केला होता," मार्तेन म्हणाला. "ती म्हणते, पहिला रेडा पडला की वर चढते. त्याआधी नाही. बाबांचा शब्द आहे."

लाकडी भिंतीपलीकडचं सगळं गुरुजींना ऐकू येत होतं. रेडा पडल्यावर येऊन काय उपयोग? त्यांना ती त्याआधी हवी होती. त्यांचा जीव तळमळत होता, पण कूस बदलणंसुद्धा त्यांच्या हाती नव्हतं.

कार्याच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. घंटा वाजू लागल्या. रेडा खुंटाला बांधला गेला. रिब्का आली ती खाणीतला जाड कोट घालूनच, आणि जिन्याच्या तळाशी थांबली. पातं घेतलेला माणूस मार्तेनकडे बघत होता, मार्तेन आईकडे.

दामारीस खाली उतरली.

"चल वर."

"आई, बाबांनी सांगितलंय."

"आणि मी दोन वर्षं मक्याच्या कण्या खातेय त्या कुणासाठी? रेडा पडल्यावर काय, कुणीही चढेल. त्यांना तू आत्ता हवीयेस."

"त्यांनी म्हटलं तसं तुला?"

"त्यांच्याशी संसार केलाय मी. न बोललेलंही कळतं मला."

रिब्कानं बूट काढले. जिन्याची तिसरी पायरी करकरली. तिच्या पायांनी ती अशीच करकरायची, लहानपणापासून. गुरुजींनी ओळखलं.

आईनं दिलेला कप तिनं उशाशी ठेवला.

"बाबा, आले."

मग तीही बातम्याच सांगू लागली. तिथल्या पावसाच्या, चिखलाच्या, ट्रकमध्ये बसल्यावर माणसं केवढीशी दिसतात त्याच्या.

"तुम्ही फळ्यावर काढायचात ना, त्यातला एक डोंगर आता नाही," ती म्हणाली. "तो वाहून नेणाऱ्यांत मीही होते. चुकलं असेल माझं. पण काम मला आवडतं, बाबा. रागावलात?"

गुरुजी रागावले नव्हते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं. पोरगी वर आली होती. आपण असताना आली होती.

रिब्कानं त्यांच्या गार हातावर कपाळ टेकलं आणि ती रडली. दामारीसनं तिला रडू दिलं. मग ती खिडकीशी गेली आणि खाली मार्तेनला म्हणाली, "होऊ दे आता."

अंगणात पहिला रेडा गुडघ्यांवर आला, आणि दोन वर्षांपूर्वी मकासरच्या इस्पितळात ज्यांचा श्वास थांबला होता ते पालिंबोंग गुरुजी, आमच्या गावाच्या लेखी, तेव्हा कुठे वारले.