सोबतीला कोण?

“चाळीस मिनिटं लागतील. अंग हलकं वाटेल, आवाज लांबून आल्यासारखे वाटतील, कदाचित मळमळेल. घाबरायचं नाही, मी इथंच आहे,” सलाइनची सुई टोचताना सिस्टर म्हणाली. “आज एकटीनं घरी जायचं नाही हं. सोबत कोण आहे?”

“बहीण येतेय न्यायला,” मंदाकिनी सबनीस म्हणाली. तिला बहीण नव्हती. पण तीन वर्षं गोळ्या घेऊनही मनावरचं मळभ हटलं नव्हतं, आणि केटामाइन या औषधाचा हा उपाय केवळ सोबतीवाचून हुकावा, हे तिला सोसलं नसतं.

थेंबाथेंबानं औषध अंगात उतरलं. छत दूर गेलं, हातपाय आपले वाटेनात. स्वतःचं घर तिला वरून दिसलं. एकच ताट, एकच कप आणि भरदिवसा पडदे ओढून बसलेली एक बाई. त्या बाईची तिला फार दया आली. ती आपणच आहोत हे उमगलं, तेव्हा कित्येक महिन्यांनी तिला रडू फुटलं.

तासाभरानं सिस्टरनं विचारलं, “आली का बहीण?”

“मला बहीणच नाही.”

सिस्टर रागावली नाही. तिनं मंदाकिनीच्या पर्समधला फोन काढून तिच्या हातात दिला. मंदाकिनीनं बराच वेळ नावं चाळली आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या कुलसुमआपांना फोन लावला. जिन्यात हसण्यापलीकडे त्यांची ओळख नव्हती.

अर्ध्या तासात आपा आल्या, घरच्याच कपड्यांत. काही न विचारता त्यांनी तिला दंडाला धरून रिक्षात बसवलं.

“पुन्हा कधी यायचंय?” वाटेत त्यांनी विचारलं.

“गुरुवारी.”

“किती वाजता निघायचं?”