मनात येईल ते मोठ्याने

"काही चुकलं, तर चूक तुमची नाही, माझी," रुचिता म्हणाली.

जयवंताबाई चष्मा लावता लावता थांबल्या. "काय म्हणालीस?"

"चूक माझी, आई. परीक्षा तुमची नाहीये. माझ्या ॲपची आहे."

"हे मोबाइलमध्ये भरतंय?"

खिडकीच्या गजाला बांधलेल्या मोबाइलवर लाल ठिपका लागला होता. रुचिताने मान डोलावली.

"मग जरा मोठ्याने बोल. अवो, इकडं या. सूनबाई काय म्हणते ऐका."

सहदेव ओटीवरून आत आले, त्यांनी ते वाक्य ऐकलं, सुनेकडे थोड्या काळजीने बघितलं आणि परत बाहेर जाऊन बसले.

वाक्य रुचिताचं नव्हतं. ॲप दिसावं कसं आणि वापरायला सोपं कसं करावं, हे शिकवणाऱ्या फुकटच्या ऑनलाइन कोर्समधलं होतं. चाचणीच्या सुरुवातीला ते म्हणायचंच असतं. ॲप अजून कागदावर होतं. बी.एस्सी.च्या जर्नलची एका बाजूने कोरी पानं मोबाइलच्या मापाने कापून तिने त्यांवर पेन्सिलीने स्क्रीन काढल्या होत्या. त्यावरून कोंडाणे गावातून कर्जतला जायला रिक्षा बोलवायची. वापरणाऱ्याने कागदावर बोट लावायचं, रुचिताने पुढचा कागद सरकवायचा. शेजारच्या येसूबाईंनी एकाही कागदाकडे न बघता "छान हाय गं" म्हणून तिला चहा पाजला होता. तिने अर्ज केलेल्या ठाण्याच्या कंपनीने त्या चाचणीचा व्हिडिओ परत पाठवला. मुलाखत सोमवारी, त्याआधी खरी चाचणी दाखवा. ठाण्याचं तिने फक्त जितेशला, नवऱ्याला सांगितलं होतं. सासूबाईंना कसं सांगायचं, ते कोर्समध्ये नव्हतं.

"तुम्हाला कर्जत स्टेशनला जायचंय असं समजा," ती म्हणाली. "रिक्षा बोलवा. बघताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. मी मधे बोलणार नाही. काही सांगणारही नाही."

"तू बोलणार नायस?"

रुचिताने ओठांवर बोट ठेवलं.

जयवंताबाई पाटावर ऐसपैस बसल्या. मोबाइलकडे बघून त्यांनी घसा साफ केला.

"तर मनात असं येतं, की ही भेंडीत पाणी घालते. भेंडीत पाणी घालतात होय?"

रुचिताने पहिल्या कागदावर पेन्सिल टकटकवली.

"हां, बघते. 'कुठून?' आता मी हितं बसलेय. ह्याला दिसत नाय?" त्यांनी बोट लावलं. पुढचा कागद आला. "'कुठे?' कर्जत स्टेशन, हे बघ, मिळालं. बटण केवढुसं काढलंय. जितेशच्या वाढदिवसाला हिनं केक आणला, तो पण एवढाच. येसूबाईला तुकडा पुरला नाय."

रुचिताने 'बटण लहान' असं लिहून घेतलं. केकचं लिहिलं नाही.

तिसऱ्या कागदावर रिक्षावाल्याचं नाव होतं. "ओमकार? शनिवार-रविवार लेण्या बघायला माणसं आली, की हा आपल्याला ओळखत नाय. दुसरा दाखव." दुसरा नव्हता. रुचिता जमिनीकडे बघत राहिली. "दुसरा नाय. बरं, हाच. पण मनात आलं ते बोलले."

चौथा कागद. 'केव्हा?' खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'उद्या'.

जयवंताबाईंचं बोट कागदावरच थांबलं. बोलत राहा, असं रुचिताला सांगायचं होतं, पण नियम तिचाच होता.

"मनात असं येतं," त्या अखेर म्हणाल्या, "की हिला ठाण्याला नोकरीला जायचंय."

रुचिताच्या मांडीवरची पेन्सिल घरंगळत चुलीपाशी गेली.

"जितेशच्या पोटात काय राहत नाय, लहान असल्यापासून. मला सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, तुला मी बोललो नाय. म्हटलं, बघू, ही कधी सांगते. तर ही मला कागद दाखवते."

"आई, मी सांगणारच..."

"तू बोलायचं नाय गं. चालू हाय अजून." त्यांनी लाल ठिपक्याकडे बोट केलं. "ही सकाळची गेली तर घरातलं कोण बघणार, हे पण मनात आलं. भाजी कोण करणार. मग मनात आलं, ही घरी बसली तरी भेंडी तशीच होणार."

त्यांनी पुन्हा कागदात लक्ष घातलं. दोन्ही बटणांवरून बोट फिरवलं. कागद उलटा करून बघितला. मागे जर्नलमधल्या बेडकाच्या आकृतीचं अर्धं पोट होतं. त्यांनी तो सुलटा केला.

"ह्याच्यात 'रोज' कुठाय?"

रुचिताने कागदावरची दोन बटणं पुन्हा बघितली.

"आत्ता हाय, उद्या हाय. एखाद्या बाईला रोज सकाळी स्टेशनला जायचं असंल, तिनं काय करायचं? रोज उठून त्या ओमकारच्या पाया पडायचं?"

रुचिताने मान वर केली. सासूबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, मोबाइलकडे तोंड केलं आणि सावकाश, एकेक शब्द नीट ऐकू जाईल असं विचारलं, "रोजचं बटण नाय. ही चूक कोणाची?"

"माझी," रुचिता म्हणाली.

"अवो," जयवंताबाईंनी ओटीकडे हाक मारली, "परत म्हणाली."