निळ्या माळेची सावली

नवरा गेल्यापासून ती घरी एकटीच मण्यांचे दागिने करायची आणि त्यांचे फोटो काढून ऑनलाइन विकायची. दिवसभर बोलायला घरात चिटपाखरू नसायचं.

त्या दुपारी तिने खिडकीशी पांढरा कागद पसरला, त्यावर निळी माळ मांडली आणि फोटो काढून थोरल्या बहिणीला पाठवला. लगेच फोन आला.

"छान आलाय गं. पण गळा कोणाचा?"

"कसला गळा, ताई? माळ नुसती कागदावर ठेवलीय."

"सावली बघ की."

फोन ठेवून तिने फोटो मोठा केला. माळेच्या सावलीतून एक बारीक मान वर गेली होती, तिच्यावर हनुवटी, नाक. कागदावर मात्र फक्त मण्यांचीच सावली होती.

तिने कागद बदलला, माळ झटकून पुन्हा मांडली. दुसऱ्या फोटोत मान जराशी झुकली होती. तिसऱ्यात नाक दिसेना. चेहरा तिच्याकडे वळला होता.

फोटो पुसायला गेलेलं तिचं बोट थांबलं. कितीतरी महिन्यांत या घरात तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं.

"कोण आहे?" तिने हळूच विचारलं.

कागदावरचे निळे मणी किंचित वर उचलले गेले आणि पुन्हा खाली बसले, कोणी आवंढा गिळावा तसे.