जांभळी घाणेरी

सुलाबाई सकाळी सहापासून गेटजवळच्या उतारावर बसून जांभळ्या फुलांची झुडपं उपटत होती, आणि आता अकरा वाजले होते. अंगात मॅक्सी, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, हातात स्वयंपाकघरातलं उलथनं. खुरपं मुलानं, यशपालनं, गेल्याच महिन्यात कपाटात घालून कुलूप लावलं होतं.

तिचा नवरा सत्याप्पा पाण्याचा पेला घेऊन तिच्यामागं उभा होता. चौथ्यांदा.

"सुला, घोटभर पाणी घे. मग उपट."

"बांध झाल्याबिगर पानी न्हाय." तिनं मानही वर केली नाही. "पाटील येत्यात."

"अगं, मी सांगतोय न्हवं?"

"तुमी कोन? आमचं हे वैरणीला गेल्यात. ते आल्यावर बोला."

मागच्या आठवड्यात ती अशीच उन्हात बसून राहिली होती आणि चक्कर येऊन पडली. दोन दिवस सलाईन. तासातासाला पाणी पाजा, नाहीतर पुढच्या वेळी हाताला लागायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सांगायला काय जातं.

निपाणीकडचं ते गाव सोडून चाळीस वर्षं झाली होती. इथं बांधही नव्हता आणि पाटीलही नव्हते. होता तो बेळगावातल्या नव्या घरापुढचा दहा हात उतार. पावसात त्याची माती वाहून जाते म्हणून सुनेनं, उपासनानं, नर्सरीतून ही झुडपं आणली होती. जमिनीला धरून पसरतात, बारा महिने फुलतात. लँटाना, म्हणाली होती. सत्याप्पानं एक पान चुरगळून नाकाशी नेलं. घाणेरी. उंच होणारी नाही, काटा नाही, फूल जांभळं. पण वास तोच. पाटलाच्या तंबाखूच्या बांधावरची घाणेरी खणण्यात सुलाबाईची तरणी वर्षं गेली होती. त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण सून एवढ्या हौसेनं आळी करत होती. तिला काय सांगायचं आणि कुठून सुरू करायचं, ते त्याला जुळेना. वर्षभरात उतार भरून गेला. मग सुलाबाई एकेक विसरत चालली. आधी गॅस, मग पाहुणेरावळे, मग तो. हा वास मात्र तिला आठवला.

काम करायची तिची रीत बदलली नव्हती. उपटलेली फांदी ती मुळं वर करून रचून ठेवायची, पडल्या जागी पुन्हा धरू नये म्हणून. संध्याकाळी ती आत गेली की सत्याप्पा त्याच फांद्या परत मातीत खोवायचा, सुनेला वाईट वाटू नये म्हणून. घाणेरीच ती. खोवली तिथं धरायची. सकाळी बांध पुन्हा भरलेला.

"उलथन्यापायी मी अख्खं किचन पालथं घातलं!" उपासना दारातून बाहेर आली. रविवार असल्यामुळं ती घरी होती. "आत्ती, धिरडी काय हातानं उलटू?"

सुलाबाईनं डोळ्यांवर हात धरून तिच्याकडं पाहिलं. "ही कोन? नवी मुकादमीण?"

"व्हय. खरं माझं कोन ऐकतंय?" उपासना हसली, आणि जवळ आल्यावर तिचं हसू मावळलं. "आप्पा, ओठ बघा यांचे. पार कोरडे पडलेत."

"चार वेळा दिलं. घेत न्हाय."

"मग तो आवाज काढा की. पाटलांचा."

सत्याप्पा तो आवाज छान काढायचा. लहानपणी गल्लीतल्या पोरांना हसवायला, नंतर लग्नाकार्यात, पंगती उठल्यावर. घसा खाकरायचा, मान ताठ करायचा, आणि सगळे पोट धरायचे. सगळ्यांत जास्त सुलाबाई.

"ते हसायला असतं, गं."

"मग हसू देत. हसल्या तर पाणी तरी पितील."

सुलाबाई पुढची फांदी धरायला वाकली आणि तिचा तोल गेला. एक हात मातीत रोवून ती तशीच थांबली, मग पुन्हा उलथनं चालू झालं.

सत्याप्पानं घसा खाकरला.

"ए! बास कर. ऊठ तिथनं."

कुणी हसलं नाही. सुलाबाईचा हात जागच्या जागी थांबला. तिनं उलथनं खाली ठेवलं, डोक्यावरचा टॉवेल कपाळापर्यंत ओढला आणि ती उठून बाजूला झाली. आपली सावली त्याच्या पायावर पडणार नाही, इतकी बाजूला.

"व्हय जी," ती म्हणाली.

सत्याप्पानं पेला पुढं केला. तिनं तो घेतला नाही. ती उकिडवी बसली आणि मातीचे दोन्ही हात जोडून त्यांची ओंजळ तिनं तोंडाशी धरली.

"वरनं वता जी."

उपासनाच्या तोंडून "आत्ती" एवढंच निघालं.

सत्याप्पानं पेला उंच केला. धार ओंजळीत पडली. सुलाबाई घटाघटा प्यायली. कोपरांवरून गढूळ पाणी मॅक्सीवर ओघळलं. पेला निम्मा झाला असेल.

"सावकाश, सुला," तो म्हणाला.

ती प्यायची थांबली. ओंजळ सुटली आणि धार मातीत पडू लागली. तिनं वर पाहिलं. पेला धरून उभा असलेला हा म्हातारा कोण, ते तिला कळेना. तिचा हात खाली उलथनं चाचपू लागला.

सत्याप्पानं पुन्हा घसा खाकरला.