डावा हात

"उजवा हात आता उठणार नाही. डाव्याला शिकवा," असं सांगून फिजिओथेरपिस्ट गेली. मी वरणभात कालवून आईच्या डाव्या हातात चमचा दिला.

आईने सफाईने घास उचलला. एक शीतही सांडलं नाही. शिकवायला काही उरलंच नव्हतं. आई मुळात डावखुरी, हे मला पन्नाशीत कळत होतं.

पण चमचा ओठांपाशी येऊन थांबला. आईने तो ताटात ठेवला आणि हात पदराखाली लपवला.

"खा ना गं."

"आई चटका देईल," ती पुटपुटली.

मी पदर बाजूला केला. मनगटावर उलथन्याच्या टोकाएवढा जुना डाग होता. लहानपणी खेळताना भाजलं, असं ती आम्हाला सांगायची.

आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तरी आई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली. वरणभात निवत चालला.

शेवटी मी उठले आणि ते दार लावून घेतलं. "गेली ती बाहेर," मी म्हटलं.

दारावर डोळा ठेवून आई भराभर जेवू लागली.