परमार आणि पटेल यांच्यामध्ये

हॉलमध्ये खुर्च्या लागत होत्या आणि श्रद्धा दारापाशी टेबल मांडून नावांची यादी उतरवून काढत होती. अकरा वाजता पहिल्या वर्षाच्या नव्या मुलांचं स्वागत होतं. ऑफिसची टाइप केलेली यादी जोशीपुरा सरांना चष्मा लावूनही वाचता येत नसे, म्हणून दर जूनमध्ये कुणीतरी ती त्यांना ठळक अक्षरात लिहून द्यायचं. सर माइकवरून एकेक नाव वाचत, बापाच्या नावासकट. नाव पुकारलं की मुलानं उभं राहायचं, आणि सोबत आलेल्या आईबापांनीही. फॅकल्टीची जुनी रीत होती ती.

यादीच्या तळाशी हेडक्लार्कनं आज सकाळीच पेन्सिलीनं सहा नावं वाढवली होती. नापास होऊन पुन्हा पहिल्याच वर्षात बसणारी मुलं.

"ही पण क्रमात घाल," सरांनी बजावलं होतं. "वेगळी काढली तर पोरांना वाईट वाटतं."

सर मनानं फार चांगले. फक्त ती सहा नावं त्यांनी वाचली नव्हती. चौथं नाव होतं पाटणकर अनय दिनकर. आणि आजचा सगळा कार्यक्रम माइकवर चालवणार होता तो अनयच.

निकाल शनिवारी लागला होता. बोर्डावर नुसते सीट नंबर. कुणाचा कुठला, कोण बघायला जातंय? अनय 'पास' म्हणाला, सगळ्यांनी हात मिळवले. त्याच्या वडिलांनी तर हरणीच्या सोसायटीत पेढे वाटले. श्रद्धा त्याच सोसायटीतली. तिच्या घरीही चार आले होते.

अनय आला तो सेव-उसळची प्लेट घेऊन.

"श्रद्धा, तू सकाळपासून काही खाल्लं नसशील."

घरी दोघंही मराठी, पण कॉलेजात तो तिच्याशी नेहमी गुजरातीत बोलायचा. आज मराठी ऐकली आणि तिला कळलं, यादीत नाव आल्याचं त्याला समजलंय.

"माझं नाव गाळ ना यादीतून. एवढं एकच." तो वाकून हळू बोलत होता. "बाबा येतायत, रिफायनरीतून रजा टाकून. त्यांना मला माइकवर बोलताना बघायचंय. मी सांगणारच आहे गं घरी, पण माझ्या तोंडानं सांगू दे. असं नको."

त्याचे डोळे भरले होते. श्रद्धाला खरंच कळवळा आला. गावाला हसवत फिरणारा मुलगा, आणि आज असा विनवत होता.

"गा... गाळते," ती म्हणाली. "जा... जा तू."

श्रद्धा लहानपणापासून अशीच अडखळायची. त्यातून 'स' आला की गाडी ठप्प. एप्रिलमध्ये माइकसाठी तिनंही नाव दिलं होतं. पहिल्याच 'सुस्वागतम्'ला अडली, आणि अनयनं तिथल्या तिथे तिची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. तीही हसली, न हसून करते काय? मग माइक त्याला मिळाला आणि तिला ही यादी, अक्षर चांगलं म्हणून.

तिनं सेव-उसळ संपवली, हात पुसले आणि पुन्हा पेन उचललं. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं होती. परमार संपले. आता पटेल सुरू करायचे, आणि पटेल म्हणजे दोन पानं. तिनं पेन टेकवलं तोच स्टेजवरून माइक खरखरला.

"हॅलो, हॅलो, चेक," अनयचा आवाज आला. माइक नीट लागला याचा आनंद असेल, नाहीतर नुसती सवय, तो पुढे म्हणाला, "सु... सु... सु..." हॉलभर घुमलं. खुर्च्या लावणारी पोरं खो खो हसली. "श्रद्धाबेन, बराबर संभळाय छे ने?"

त्याच्या मनात काही नव्हतं. तेच तिला जास्त लागलं. दहा मिनिटांपूर्वी रडवेला झालेला माणूस, इतक्यात विसरलाही!

ऐकू येतंय म्हणून श्रद्धानं हसून मान हलवली. मग शेवटच्या परमारच्या खाली लिहिलं, पाटणकर अनय दिनकर. पेन दाबून, सरांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं ठळक. त्याखाली पटेल सुरू केले.

यादी पुरी करून तिनं सरांच्या हातात दिली. स्टेजवरून अनयनं भुवया उंचावून विचारलं. तिनं डोळे मिटून 'झालं' अशी खूण केली. त्यानं छातीवर हात ठेवून आभार मानले.

पावणेअकराला दिनकरराव आले. कडक इस्त्रीचा सफारी, हातात कॅमेरा.

"काय श्रद्धा, आमचे चिरंजीव कुठे आहेत?" ते म्हणाले. "मी आपला मागेच बसतो. पुढच्या खुर्च्या नव्या मुलांच्या आईबापांच्या. नाव पुकारलं की उभं राहायचं वगैरे. आमचं गेल्या वर्षीच झालं ते."

अजून पंधरा मिनिटं होती. एक नाव चुकलंय म्हटलं असतं तर सरांनी यादी लगेच परत दिली असती.

श्रद्धा उठली. दिनकररावांना घेऊन पहिल्या रांगेत गेली आणि त्यांना बरोबर मधल्या खुर्चीवर बसवलं.

"सरांनी नाव घेतलं की या वर्षीही उभं राहायचं, काका," ती म्हणाली.

"आमचंही नाव घेणार? बोलला नाही लेकाचा!" दिनकरराव हरखले. त्यांनी सफारीची वरची गुंडी लावली आणि खुर्चीच्या कडेला सरकून बसले.

टेबलाकडे परत येताना श्रद्धाच्या लक्षात आलं, ते सबंध वाक्य ती एका दमात बोलली होती. 'स'लासुद्धा अडली नव्हती.